सूत भागिले बावीस

वटपौर्णिमेला बायकोने वडाला गुंडाळलेलं सूत त्याच संध्याकाळी उलगडून घरी नेणारा नवरा मी जन्मात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे शेजारी सेतुमाधवराव.

बँकेने मला मद्रासला धाडलं तेव्हा आम्ही तांबरमला त्यांच्या शेजारी भाड्याने राहायला गेलो. सेतुराव तंजावरकडचे. पिढ्यान् पिढ्या तिकडेच मुरलेलं घराणं, त्यामुळे त्यांचं मराठी जुनं आणि तमिळच्या चालीवरचं. रेल्वेत रुळांखालच्या स्लीपरांसाठी येणारे ओंडके तपासता तपासता ते निवृत्त झाले होते. ओंडके सुटले, पण मोजायची खोड काही सुटली नाही. पहिल्याच भेटीत माझ्या पोटावर नजर रोखून म्हणाले, "घेर कोणीही सांगल सार. व्यास सांगा की!"

डोसा ताटात पडला की आधी वीत लावायचे, मग चटणी मागायचे. भाजीवाली त्यांना लांबून पाहूनच भोपळे झाकून ठेवी. पण त्यांचा खरा जीव होता गल्लीच्या टोकाच्या वडावर. त्याचा व्यास वर्षातून एकदाच काढायचा, आणि तोही इंदूवहिनींच्या सुताने.

वहिनी माहेरच्या कऱ्हाडच्या. पौर्णिमेला त्या नथ घालून वडाभोवती फेऱ्या घालू लागल्या की हे पाठोपाठ निघत. "छातीच्या उंचीला धर. ढिलं नको. आडवं, आडवं!"

"अहो, मी देवाकडे काय मागतेय आणि तुम्ही माझ्याकडे काय मागताय?" वहिनी कळवळून म्हणत. तिथल्या आम्हा मराठी घरांतल्या बायका पदराआड हसत. इतरांच्या सुतात आपलं सूत हरवू नये म्हणून सेतुरावांनी ते आधी निळीत बुडवून दिलेलं असे.

"घरात टेप आहे ना? मग सूत कशाला?" मी एकदा विचारलं.

त्यांना असाच कोणीतरी हवा होता. "बघा सार. घेराला बावीस सप्तमांशाने भागायचं, व्यास येतो. इथे फेरेच सात! सातास सात गेले, राहिले बावीस. सगळं सूत बावीसने भागा, व्यास हातांत! उगीच सात सांगितले काय? सावित्री गणितांत पक्की!"

संध्याकाळी ते उलट्या फेऱ्या घालत सूत सोडवत. वहिनी फाटकाशी उभ्या राहून म्हणत, "उलटं फिरू नका हो, बांधलेलं सुटतं अशानं." एका वर्षी त्या जरा थकलेल्या दिसत होत्या. हळूच म्हणाल्या, "या वर्षी तरी राहू द्या की तिथंच."

"मग या वर्षीचं माप?" सेतुराव म्हणाले आणि सूत सोडवायला लागले.

त्याच वर्षी थंडीत साध्या तापाचं निमित्त झालं आणि वहिनी गेल्या. भेटायला आलेली प्रत्येक बाई तेच म्हणे, "भाग्याची हो, कुंकवासकट गेली." सेतुराव मान खाली घालून ऐकून घेत. पण चौथ्या-पाचव्या बाईला एकदम ओरडले, "भाग्य कोणाचं? माझं काय तिचं?" तिला चहा तसाच टाकून निघावं लागलं. त्यानंतर त्यांनी कशालाच वीत लावली नाही. डोसा पुढे आला की मुकाट्याने खायचे. मला ते बघवत नसे.

पुढची वटपौर्णिमा आली. मी बायकोचं पूजेचं सामान घेऊन वडापाशी उभा होतो. तेवढ्यात सेतुराव आले. नेसूला धुतलेली वेष्टी, तिकडचं पांढरं धोतर, हातात सुताचं नवं गुंडाळं. बायका बाजूला सरल्या. कोणाकडे न पाहता त्यांनी सूत बुंध्याला लावलं आणि ते फेऱ्या घालू लागले. सूत कुठे खाली घसरलेलं, कुठे ढिलं.

माप घ्यायचं असणार, असं समजून मी पुढे झालो. "आडवं धरू का, सेतुराव?"

त्यांनी मान हलवली. सातवा फेरा संपवून ते बुंध्याला टेकले. दम लागला होता.

"माप नको सार. ती इतकी वर्षं माझं आयुष्य मागितली. मिळालं मला. तिचं आयुष्य कोणी मागितलं? मी तर बांधलेलंसुद्धा सोडून नेत होतों." डोळे पुसत म्हणाले, "पुढच्या जन्मी मी आधी जायचं, ती मागे राहायची. तेवढं मागितलं."

मागे उभी असलेली एक बाई दचकून म्हणाली, "अहो, काय हे अभद्र! सवाष्ण बाईसाठी असं मागतात का?"

"कुंकू नसलं तर नसूंदे," सेतुराव म्हणाले. "ती असूंदे."

सुताचं टोक सुटून लोंबत होतं. माझ्या बायकोने ताट खाली ठेवलं, ते टोक उचललं आणि पारंबीला घट्ट गाठ मारून बांधून दिलं.