अकरा, एक आणि साडेतीन

अण्णा तांबट कुठल्याही गाडीची वेळ सांगताना आधी तिचा उशीर सांगत. "सकाळच्या गाडीला उद्या पंचवीस मिनिटं उशीर आहे," हे ते आदल्या दिवशी चहा पिताना जाहीर करत. गाडी वेळेवर आली की त्यांचा चेहरा पडे.

"गाडी वेळेवर येते, हे टाइमटेबल छापणाऱ्यांचं मत झालं," असं त्यांचं म्हणणं.

आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत मुंबईला संग्रहालय बघायला जायचं ठरलं, की बेत अण्णांच्या हाती. जिथे ठरलेल्या वेळी गटागटाने आत सोडतात, तिथे ते पत्र पाठवून वेळ मागून घेत. एक नव्हे, तीन. इगतपुरीला इंजिन बदलायला किती लागतं, पावसाळ्यात घाटात किती जातं, टॅक्सी मिळायला किती, सगळं धरून वर 'माणसांचा अर्धा तास'. माणसं म्हणजे आम्ही.

एकदा महिला मंडळाला घेऊन ते इतक्या लवकर पोचले, की संग्रहालयाचा पहारेकरीच यायचा होता. पंधरा बायका फाटकापाशी सतरंजी टाकून चिवडा खात बसल्या. पहारेकऱ्याला वाटलं मोर्चा आलाय. त्याने दुरूनच विचारलं, "मागण्या काय आहेत?"

"साडेदहाची वेळ," अण्णा म्हणाले.

मी त्यांचा शेजारी, बँकेत कारकून. थट्टा करायला मी सगळ्यांच्या पुढे. हा माणूस जन्मतःच असा असणार, असं मी धरून चाललो होतो.

मग मुंबईच्या एका संग्रहालयात जुन्या तांब्यापितळेच्या भांड्यांचं प्रदर्शन लागलं. त्यात अण्णांच्या वडिलांनी स्वतः ठोकून घडवलेलं घंगाळ होतं. वीस-वीस माणसं आत सोडणार होते. अण्णांनी शनिवारच्या तीन वेळा घेतल्या, अकरा, एक आणि साडेतीन. प्रत्येक वेळेला दोन माणसं.

"दुसरं कोण?" मी विचारलं.

"सुरतचा धाकटा भाऊ. बघतो म्हणालाय. तू आपला सोबतीला चल."

गाडीने कसारा सोडल्यावर ते बोलले. नऊ वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा धाकट्याची बस सापुताऱ्याच्या घाटात बंद पडली होती. "मंडळी घाई करत होती. अंधार पडेल म्हणाली. मी मोठा, मी थांबा म्हणायला हवं होतं. नाही म्हणालो. अग्नी दिला आणि चाळीस मिनिटांनी तो आला."

तेव्हापासून धाकटा त्यांच्याशी बोलला नव्हता. या वेळी पत्राला उत्तर आलं, तेही एका ओळीचं. त्यांची ती सगळी वाढीव मिनिटं कुठून आली ते मला तेव्हा कळलं, आणि आजवरच्या थट्टेची मनापासून लाज वाटली.

अकराची तुकडी आत गेली. अण्णा फाटकाशीच उभे राहिले. एकचीही गेली.

"तुम्ही तरी बघून या, अण्णा. मी थांबतो इथे."

"ते दोघांनी बघायचंय," ते म्हणाले आणि रस्त्याकडे बघत राहिले.

साडेतीनची शेवटची तुकडी गेली. मी परतीच्या गाडीचं नाव काढायला धजावलो नाही.

चार वीसला एक टक्कल पडलेला माणूस पिशवी सांभाळत पळत आला. नाक थेट अण्णांचं. फाटक बंद दिसल्यावर तो जागीच थांबला. "गाडी वाटेत दोन तास उभी होती, अण्णा. याही वेळी चुकलंच."

अण्णांनी खिशातून आणखी एक कागद काढला. "उद्या अकराची आहे."

धाकट्याने कागद उलटसुलट करून पाहिला. त्याची धाप अजून थांबली नव्हती. "आणि मी उद्याही पोचलो नसतो तर?"

"परवा सोमवार, बंद असतं," अण्णा म्हणाले. "मंगळवारची घेतलीय."