फिजिक्सचे सर समुद्रावर

शिवमूर्तीअप्पांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, पण अनंतराव सरांसाठी ते त्यात उडी मारायलाही तयार होते. लातुरात क्लासेसचं पीक जोमात होतं आणि अप्पांच्या क्लासचा सगळा डोलारा फिजिक्स शिकवणाऱ्या अनंतरावांवर उभा होता. अशात मुंबईच्या एका क्लासनं सरांना समुद्रासमोरचा फ्लॅट देऊ केला. सर गेले की पोरं जाणार, आणि पोरं गेली की अप्पा पुन्हा वडिलांच्या किराणा दुकानात गूळ फोडत बसणार, हे उघड होतं.

"समुद्रच पाह्यजे ना सरांना? आपुन दाखवू की!" अप्पा बायकोला, गुरम्माला, म्हणाले. मालवणच्या एका पालकाच्या मुलीला त्याच वर्षी अप्पांच्या क्लासमुळं मेडिकल मिळालं होतं. त्या आनंदात त्यानं आपली शिडाची नौका ती चालवणाऱ्या तांडेलासकट एक दिवस देऊन टाकली.

नौका किनाऱ्याच्या कडेकडेनं डौलात निघाली. गुरम्मा खालची खोली बघायला गेल्या आणि तिथंच रमल्या. वर अप्पांनी सरांचा ताबा घेतला.

"सर, हवा बघा! तुमी म्हनाल तवा आनतो हितं. खामखा फ्लॅट कशाला?"

वर्षानुवर्षं सरांनी फळ्यावर खडूनं लाटा काढल्या होत्या, पण एकही कधी पोटात शिरली नव्हती. त्यांनी कठडा गच्च धरला आणि सकाळी खाल्लेला चुरमुऱ्यांचा सुशीला समुद्राला अर्पण केला.

"पाणी... घोटभर पाणी द्या हो," सर कण्हले.

तांडेलानं वरच्या बाजूचा नळ सोडला. नळानं नुसताच सुस्कारा टाकला.

"सकाळीच टाकी भरलंय मी!" तांडेल चक्रावला. मग त्याचं लक्ष नौकेकडे गेलं. वारा पडला होता, तरी ती डावीकडे कललेली होती. त्याचा चेहरा उतरला. "खंयतरी गळता! पाणी आत भरता हा!"

पुढं सगळं भराभर झालं. शीड उतरलं, इंजिन सुरू झालं, सरांच्या गळ्यात लाइफ जॅकेट पडलं. अप्पांना बुडणारी नौका दिसतच नव्हती, त्यांना बुडणारा क्लास दिसत होता.

"अगं ए, वर ये! नाव बुडायली!"

"आले की! झाकनं लावायले!" खालून आवाज आला.

अप्पा आणि तांडेल धडपडत खाली उतरले. डाव्या बाकावर आणि बाकाखाली दाटीवाटीनं पाणी भरून ठेवलेलं होतं. पातेली, किटली, बादल्या, बर्फाची भली मोठी पेटी, काहीही सुटलं नव्हतं. गुरम्माचा धपाट्यांचा डबाही काठोकाठ भरला होता आणि धपाटे अप्पांच्या धुतलेल्या शर्टावर मांडले होते.

"हे काय केलंस?"

"नळाला पानी होतं. परत कवा येतंय, तुमाला म्हाईत हाय का?"

या प्रश्नाला लातूरच्या कोणत्याही माणसाकडे उत्तर नसतं. तांडेलानं कपाळावर हात मारला आणि निम्मी भांडी उजवीकडे हलवली. नौका सरळ झाली. गुरम्मांनी सरांचं कपाळ धरलं आणि लेकराला पाजावं तसं त्यांना घोटघोट पाणी पाजलं.

धक्क्याला लागल्यावर सर दगडावर बसून राहिले. अप्पांना त्यांच्याकडे बघवेना.

"सर, चुकलं माझं. तुमी मुंबईला जावा. म्या आडवनार न्हाई," अप्पा म्हणाले.

"कसली मुंबई?" सर ताडकन म्हणाले. "रोज खिडकी उघडली की हा समोर? नको रे बाबा! आपलं लातूरच बरं. निदान जमीन तरी हलत नाही."

बोलून गेले आणि सरच चपापले. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या त्या पहाटेनंतर कित्येक महिने तिघंही उघड्यावर झोपले होते. गुरम्माचं माहेर किल्लारीकडचं. त्या घराचा दगडही जागेवर राहिला नव्हता.

"हालली की एकदा," गुरम्मा हळूच म्हणाल्या. "पन आपुन ऱ्हायलोच न्हवं तितं?"

सरांनी मान डोलावली. अप्पांनी डोळे पुसले. आणि गुरम्मांनी पाण्यानं भरलेला धपाट्यांचा डबा, थेंबही न सांडता, लातूरला न्यायला गाडीत ठेवला.