बाप्तिस्तची गाडी

पेटी अंगणातून उचलून फाटकापर्यंत आणली, तेवढ्यात तिथे उभ्या असलेल्या गाडीचे दोन्ही आरसे, कुणी हात न लावता, हळूच बाहेर आले. दिवे दोनदा लुकलुकले आणि चारही दारांची लॉकं खट्कन सुटली.

गाडी बाप्तिस्तची होती. पेटीतही बाप्तिस्तच होता.

खांदेकरी जागच्या जागी थिजले. सर्वांत पुढे शेजारचा बाबली होता, बाप्तिस्तचा चाळीस वर्षांचा दोस्त. मान न वळवता त्याने विचारलं, "ॲरोन, गाडी कोणी उघडल्यान रे?"

बाप्तिस्तचा मुलगा ॲरोन मागे खांदा देत होता. "बिघाड आसतलो," तो म्हणाला. "जरा मागे चला."

मंडळी दहा पावलं मागे गेली. आरसे मिटले, लॉकं बसली. मंडळी पुन्हा पुढे आली. आरसे उघडले.

दुपारचे चार वाजले होते. माडाचं झावळंही हलत नव्हतं. पलीकडे समुद्र तेवढा घुमत होता.

"तो जाऊक तयार नाय," कुणीतरी पुटपुटलं.

ॲरोन पुण्यात गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये कामाला. आपण बोललं पाहिजे असं त्याला वाटलं. "घाबरू नकात. ही गाडी सारखी हाक मारीत आसता. चावी जवळ इली की ती ओ देता, मगे गाडी उघाडता. बाकी काय नाय."

"बरां," बाबली म्हणाला. "मगे आता ओ कोणी दिल्यान?"

खिडकीतून ॲरोनच्या बहिणीने, ग्लिनिसने, चावी उंच धरून दाखवली. ती घरातच होती. तिथून गाडीला ऐकू जाणं शक्य नव्हतं. दोन-चार हातांच्या पलीकडलं तिला कळत नाही, हे ॲरोनला पक्कं ठाऊक होतं. आणि दोन-चार हातांच्या आत होती ती फक्त पेटी.

चर्चची घंटा वाजू लागली. फादर खोळंबले होते, पण गाडीजवळून पाऊल टाकायला कुणी धजेना. शेवटी बाबलीने घसा खाकरला आणि आपल्या देवळातल्यासारखं गाऱ्हाणं घातलं. "बाप्तिस्ता, तुझे गाडयेक कोण बोट लावचो नाय. दर आयतवारी मी सोता धुवन ठेवीन. आता आमका वाट दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. त्यात चर्चची गायकमंडळीही होती.

पेटी पुढे निघाली. रस्त्याच्या वळणावर मागून खट्ट असा आवाज आला. ॲरोनने वळून पाहिलं. गाडीने आरसे मिटून घेतले होते.

"ऐकल्यान," बाबली म्हणाला.

पेटीवर माती पडत असताना ॲरोनच्या डोक्यात उजेड पडला. प्रत्येक गाडीला दोन चाव्या मिळतात. घरी येताच त्याने आईला गाठलं. लिंडा पाहुण्यांच्या कपात कॉफी ओतत होती.

"मम्मी, दुसरी चावी खंय आसा?"

"पप्पाच्या कोटात. मीच घातलंय." तिने कप भरला. "डाक्टरान गाडी बंद केल्यान, तेवा चावये मीच लपवलंय. वरीसभर माझ्याशी धड बोलाक नाय तो. रुसान धाडूचो कसो?"

"मगे अंगणात बोललंस कित्याक नाय?"

"बोललंय आसतंय तर तुमी पेटी उघडून काढून घेतल्यात आसती."

ॲरोन खाली बसला. एवढं सगळं झाल्यावर त्याला एकच सांगता आलं, तेही सवयीने. "पण मम्मी, त्या चावयेतलो सेल वरीसभरात संपतलो."

"म्हायती आसा," लिंडा म्हणाली. "दुसऱ्या खिशात दोन नवे घातलंय."