झिंगरूजींच्या घराचं वजन

झिंगरूजींना भेटायला जायचं तर आधी त्यांचं घर आज कुठं उभं आहे याची चौकशी करावी लागे. कधी ते गोंदियाच्या बाजारामागं असे, कधी आमच्या रेल्वेच्या मालधक्क्याजवळ, तर कधी रस्त्याच्या मधोमध, कारण तिथंच ते बंद पडलेलं असे.

घर म्हणजे खरोखरचं घर. भिंती सागाच्या फळ्यांच्या, वर कौलं, मागच्या अंगाला चौकट-उंबरठ्यासकट दार. आणि हे सगळं एका लहानशा मालमोटारीच्या उघड्या डाल्यावर, म्हणजे माल ठेवायच्या मागच्या भागावर, बसवलेलं. झिंगरूजी लढाईत फौजेचे ड्रायव्हर होते, आणि फौजेनं मोडीत काढलेली ही मोटार त्यांनी लिलावात घेतली होती. तेंदूपानाची पोती वाहण्यापुरता तिचा जीव. तिच्या पाठीवर घर बसलं तेव्हा मागच्या स्प्रिंगांच्या कमानी उलट्या वाकल्या आणि पुढची चाकं रस्त्याला जेमतेम टेकू लागली.

तिला कुणी गाडी म्हटलेलं त्यांना खपत नसे. “घर म्हना, बाबूजी,” ते मला बजावत.

मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसातला कारकून. कुठलीही वस्तू दिसली की हिचं वजन किती भरेल, हा विचार माझ्या डोक्यात आधी येतो. स्वतःच्या लग्नात वधूपक्षाच्या ट्रंका बघतानाही तोच आला होता. त्यामुळं हे घर मला बघवत नसे. एकदा न राहवून आत डोकावलो. एक बाज, मातीची चूल आणि कोपऱ्यात भलंमोठं दगडी जातं.

“झिंगरूजी, पीठ तर तुम्ही गिरणीतून आणता.”

“आनतो.”

“मग जातं कशाला?”

“जड हाये, पन आपलं हाये.”

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. कौलांऐवजी पत्रा टाका म्हणा, हेच उत्तर. उंबरठा तरी काढा म्हणा, तरी हेच. त्या उंबरठ्याला ठेचकाळून मी एकदा तोंडावर पडलो, तेव्हाही त्यांनी मला उठवत हेच ऐकवलं.

त्यांचं मूळ घर नागऱ्याला होतं. बायको लवकर गेली, भावाभावांत वाटणी झाली आणि घर उतरवलं, तेव्हा ह्यांच्या वाट्याला ही चौकट, जातं आणि थोडी कौलं आली. एकुलती एक मुलगी, सगुणा, दरेकशाला दिली. नंतर हे मोटारीतच झोपू लागले, आणि यंदा अचानक मोटारीवर घर बांधायला घेतलं. का, ते कुणाला सांगेनात.

दिवाळीच्या तोंडावर ते माझ्या खिडकीशी आले. “बाबूजी, दरेकशाले येता का? घर घेऊन जाऊन राहिलो.”

“अहो, दरेकशाला रेल्वे जाते. तिकीट काढून देतो.”

“घराचं तिकीट भेटते का?” त्यांनी शांतपणे विचारलं. “चढावर घर मांगं ओढते अना मोटारीचं तोंड उचलते. समोर मडगार्डावर बसाले मानूस पायजे. तुमचं वजन कामाचं हाये.”

माझ्या वजनाची अशी कदर माझ्या घरीसुद्धा कधी झाली नव्हती. रजा टाकली.

निघताना त्यांनी नागऱ्याच्या विहिरीचं पाणी घागर भरून आत ठेवलं. मी कपाळाला हात लावला. “दरेकशाला पाणी मिळत नाही का?”

“भेटते. पन ते पोरीच्या सासरचं. तिले लेकरू होयेपर्यंत बापानं पिऊ नाइ.”

वाटेत इंजिन थंड व्हायला थांबलो, तेव्हा ते आपणहून बोलले. “लगन झाल्यापासून पोरगी माहेरी आली नाइ. मांगच्या दिवाळीत आनाले गेलो, तं इहीनबाई म्हन्ते, धाडाचं कोठी? बाप मोटारीत झोपते. तिले माहेर कोठी हाये? घर दाखवा, मंग धाडतो.” इंजिनाला हात लावून बघत म्हणाले, “मनून घर दाखवाले नेऊन राहिलो.”

मी उठून मडगार्डावर माझ्या जागी जाऊन बसलो.

दरेकशाआधीच्या जंगलातल्या चढाला मोटारीनं पहिल्या गिअरमध्ये कण्हायला सुरुवात केली. पुढची चाकं उचलली, त्यांच्याबरोबर मीही उचललो. इंजिन बंद पडलं. चाकांमागं दगड लावून मी म्हणालो, “जातं इथं झाडाखाली ठेवू. परतताना घेऊ.”

झिंगरूजी मला चिडलेले त्या दिवशी पहिल्यांदा दिसले. “जातं उतरवलं तं मंग दाखवू काय? फळ्या?”

मग त्यांनी मोटार हळूहळू खाली सपाटीवर नेली, फिरवली आणि उलटीच चढावर घातली. “मांगचा गेर सगळ्यात तगडा,” त्यांनी मान वळवून सांगितलं. आता घर पुढं आणि मी सगळ्यात मागं. मला फक्त मागं पडत चाललेला रस्ता दिसत होता.

अशा उलट्या चालीनं आम्ही गावात शिरलो. गंमत म्हणजे त्यामुळं घराचं दार बरोबर सगुणाच्या सासरच्या अंगणाकडं तोंड करून थांबलं. मी खाली उतरलो.

विहीणबाई हातातल्या विळ्यासकट बाहेर आल्या. धानाची कापणी चालू होती. त्यांनी घराला एक फेरी मारली, फळ्यांवर थाप मारून बघितली, आत वाकून जात्याचा खुंटा हलवला. झिंगरूजी टोपी काढून हातात पिळत उभे होते.

“चौकट जुनी हाये,” विहीणबाई म्हणाल्या.

“नागऱ्याचीच हाये, बाई. पोरगी ह्याच उंबरठ्यावर रांगली.”

विहीणबाई आत गेल्या. बऱ्याच वेळानं आवाज आला, “आज सांजेपर्यंत धाडतो. पन रिकाम्या हातानं नाइ धाडत.”

सगुणा धुतलेलं लुगडं नेसून, कडेला गाठोडं घेऊन बाहेर आली. सासूच्या पाया पडली आणि ते एवढंसं अंगण ओलांडून माहेरी निघाली. झिंगरूजींनी घागरीतलं पाणी तिच्या पायांवर घातलं. तिनं उंबरठ्यावर पाय ठेवला तसं घर मागं कललं.

“बाबूजी, बसा,” झिंगरूजी ओरडले. मी धावत जाऊन मडगार्डावर बसलो.

मागून बापलेकीचं बोलणं अस्पष्ट ऐकू येत होतं. मध्येच जात्याची घरघर झाली. दळायला काही नव्हतं, तरी ती फिरवत असावी. हळूहळू सगळं शांत झालं. झिंगरूजी पावलं न वाजवता पुढं आले. मी उतरायला पाय खाली सोडला, तसा त्यांनी माझा गुडघा दाबून धरला.

“उतरू नोका, बाबूजी. घर हालन. पोरगी झोपली हाये.”

“आत्ता? भर दुपारी?”

“माहेरी आली हाये ना,” ते म्हणाले.

मी पाय वर घेतला आणि दिवस मावळेपर्यंत जागचा हललो नाही.