वारंटीवाले डोमाजी काका

डोमाजी काकांच्या घरातला पंखा वारा कमी देतो आणि फडफडतो जास्त, कारण पात्यांवरची प्लास्टिकची पन्नी त्यांनी अजून काढलेली नाही. पंखा माझ्याच दुकानातला. तुमसरात माझं पंखे-मिक्सरचं छोटं दुकान आहे आणि काका माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. पन्नी काढायला मी स्वतः स्टुलावर चढलो होतो. काकांनी खालून माझा पाय धरला.

"हात नको लावू बापा. हात लावला का वारंटी गेली."

काकूंचा मिक्सर थर्माकोलच्या खोक्यात राहतो. चटणी वाटायची म्हणजे काकू त्याला बाहेर काढतात, वाटतात, पुसतात आणि परत खोक्यात निजवतात. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, "डोळा चोळला तर भिंगाची वारंटी राहीन का?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो. काकांसोबत कुठेही गेलं की लाज मलाच वाटते, त्यांना कधी वाटत नाही. निदान तोवर तरी मी तसंच समजत होतो.

मग त्यांनी नवी पिकअप घेतली, गावोगावचं धान राइस मिलवर पोचवायला. पूजेच्या दिवशी गल्ली जमली. बंपरवर नारळ फोडू दिला नाही. रस्त्यातल्या दगडावर फोडला आणि गाडीला नुसता दाखवला. पुरोहितांना हळदीकुंकू वाहायला काचेवर जुना पेपर पसरून दिला. आमच्या गल्लीतल्या प्रशांतने आपल्या गाडीला बाहेरचा हॉर्न बसवला, तर काका भर चौकात त्याच्यावर तापले. "कंपनीच्या वायरीले हात लावाची हिंमत कशी झाली तुही? उद्या कोण्या तोंडानं जाशीन शोरूमले?" त्यानंतर कितीतरी दिवस प्रशांतच्या 'राम राम'ला काकांनी उत्तर दिलं नाही.

यंदा उन्हाळ्यात सर्व्हिसची तारीख आली. मला भंडाऱ्याहून माल आणायचा होता, म्हणून मीही गाडीत बसलो. गाडीच्या मागून बारीकसा 'हूंऽऽ' असा आवाज सारखा येत होता. मी विचारलं, "काका, हे काय वाजते?" ते म्हणाले, "रोड खराब आहे." रोड चांगला होता.

सर्व्हिस सेंटरला गाडी वर उचलली. मेकॅनिक खाली गेला, बॅटरी मारून पाहू लागला आणि तिथूनच ओरडला, "काका, मागची हाउसिंग कोनं खोलली?"

मागच्या दोन चाकांच्या मध्ये जो लोखंडी गोळा असतो, ती हाउसिंग. चाकं फिरवणारी दातेरी जोडी तिच्यात बसते, तिला क्राऊन-पिनियन म्हणतात. ती कंपनीची काढून कोणीतरी जुन्या मॉडेलची बसवली होती. त्याने गाडीची धाव कमी होते आणि ताकद वाढते, असं मेकॅनिकने सांगितलं. "पन आता मागच्या भागाची वारंटी नाही भेटनार," तो म्हणाला.

नेमका प्रशांत तिथेच बाकावर बसला होता. त्याच्याही गाडीची सर्व्हिस होती. तो उठून उभा राहिला. मला वाटलं, आता काका त्या मेकॅनिकचं डोकं खाणार, कोणी गाडीशी खेळ केला म्हणून आकाशपाताळ एक करणार. मी सवयीने कॅलेंडर शोधायला लागलो.

"मीच खोलवली," काका म्हणाले.

खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि जमिनीकडे बघत उभे राहिले. कान लाल झाले होते. प्रशांत बोलला असता तर बरं झालं असतं. पण तो चांगला माणूस, त्यानेही मान खाली घातली. इतकी वर्षं या माणसापायी मी लाजलो, पण त्या दिवशी त्यांना लाजताना पाहवेना.

परतताना काकांनी गाडी एका बाभळीखाली उभी केली. माझ्याकडे न बघता बोलू लागले.

त्यांची मोठी बहीण, भागरताबाई, चिखल्याला राहते. नवरा तिथल्या खाणीत कामाला होता, आता तो राहिला नाही. घर खाणीच्या कॉलनीमागे, मुरमाच्या उभ्या चढावर. मागच्या भाऊबीजेला काका तिच्यासाठी नवा तांदूळ आणि पडवीसाठी सिमेंटच्या थैल्या भरून निघाले. गाडी अर्ध्या चढावर थांबली आणि मागे सरकायला लागली. लोक धावले. काकांनी आरशात पाहिलं तर लोकांमध्ये भागरताबाई, नव्या लुगड्यात, दोन्ही हात गाडीला लावून.

"भाऊबीजेले बहिणीनं ओवाळाचं असते ना बापा," काका म्हणाले. "मी तिच्याकडून गाडी ढकलून घेतली. माह्यानं तिथं जेवनही नाही झालं. मंग काय करू? वारंटी सांभाळू का तिचं दार?"

मी म्हटलं, बरं केलं. दुसरं काय म्हणणार?

या भाऊबीजेला त्यांनी मलाही सोबत ओढलं. "तू चाल. अडकली तर एकट्याले लय लाज वाटते." तांदूळ होता, सिमेंट होतं. चिखला जवळ आलं तसे काकांचे हात स्टिअरिंगवर घट्ट होत गेले.

चढाच्या खाली भागरताबाई उभी होती. पदर खोचलेला, हातात दगड. मागे शेजारच्या पाच-सहा बायका, त्यांच्याही हातात दगड, गाडी मागे सरकू नये म्हणून चाकाला उटी लावायला. काकांनी ब्रेक मारला.

"काहून आली वं खाली?"

"तुही गाडी ढकलाले," ती म्हणाली. "मांगच्या साली तू किती लाजला, उपाशीच गेला. म्हनून सकाळीच बायका गोळा करून ठेवल्या. आधीच हात लावला तं गाडी अडकनारच नाही, आन् तुले लाजही वाटनार नाही."

काकांनी दार उघडलं. "बस अंदर."

ती माझ्या शेजारी बसली, दगड मांडीवर घेऊन. काकांनी पहिला गिअर टाकला. मागून 'हूंऽऽ' सुरू झालं. मुरूम उडाला, गाडी हळूहळू चढत राहिली आणि थेट भागरताबाईच्या दारात येऊन उभी राहिली. खाली बायका तशाच थांबल्या होत्या, वर बघत.

"पाह्य बरं," भागरताबाई म्हणाली, "आता त्यायले काय सांगू मी?"

"सांग, भाऊ आला म्हनून."

एवढं बोलून काकांनी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. भागरताबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी दुसऱ्या बाजूने उतरलो आणि सिमेंटच्या थैल्या उतरवायला लागलो.