परस्पर दिलेली सावली

एका जंगलात, बाळांनो, एक पाणवठा होता. पाणी असलं की तहानलेले येतात, तहानलेले आले की गर्दी होते, आणि गर्दी झाली की तिचं भलं करायला मंडळ निघतं. इथेही निघालं. त्याचं नाव पाणवठा सेवा मंडळ.

मंडळाचे अध्यक्ष होते आबासाहेब अस्वल. बोलणं मधासारखं. मधही त्यांच्याचकडे असायचा. कार्यवाह होते साळिंदरपंत. यांच्याशी जवळ जाऊन बोलावं तर काटे टोचत, आणि लांबून बोलावं तर यांना ऐकू येत नसे. त्यामुळे त्यांच्याकडे कामं फार कमी यायची. मंडळ म्हणायचं, बघा, कसा चोख कारभार आहे!

मंडळाचं खरं काम एकच. जनावरं पाणी प्यायला खाली वाकली की कुणीतरी चोहीकडे नजर ठेवायची आणि धोका दिसला की ओरडायचं. वाकलेल्या मानेला वाघ दिसत नाही ना! म्हणून पहारा. पहाऱ्याला पाळ्या होत्या. गार सकाळची पाळी आबासाहेबांच्या भाच्यांची. संध्याकाळची मोरांची, कारण ते आबासाहेबांच्या गटातले. आणि भर दुपारची पाळी टिटवीची.

टिटवी गरीब पाखरू, पण नजर तीक्ष्ण आणि आवाज खणखणीत. या काठाच्या खडकावर ती उभी राही, पलीकडच्या काठावर तिचा नवरा टिटवा. पहारा सोडला तर पाणी बंद, असा नियम होता. तसा तो सगळ्यांनाच होता. भाच्यांना मात्र कुणी विचारत नसे.

त्या वर्षी टिटवीने अंडी घातली. तिची जातच अशी, की तिला घरटं नाही, आडोसा नाही. उघड्या वाळूत, गोट्यांच्या मधोमध अंडी. वैशाख लागला आणि वाळू तव्यासारखी तापायला लागली. अशा वेळी टिटवी काय करते ठाऊक आहे? पाण्यात उतरते, पोटाची पिसं चिंब भिजवते आणि येऊन अंड्यांवर बसते. आईच्या पोटाचा तो ओला पदर अंड्यांना जगवतो.

पण भर दुपारी तर ती खडकावर! आणि नवरा पलीकडच्या खडकावर! खाली अंडी तापताहेत आणि आईबाप दोघेही वाघ शोधताहेत.

टिटवी साळिंदरपंतांकडे गेली. ना फार जवळ, ना फार लांब, अशी उभी राहिली.

“पंत, आम्हा दोघांपैकी एकाची पाळी बदला हो. पिल्लं बाहेर येईपर्यंतच. अंडी भाजून निघतील माझी.”

पंतांना आश्चर्य वाटलं. “नवराबायकोला एकाच पाळीत घातलं, ती आम्ही तुमची सोय केली, बाई! दोघं जोडीने पहारा करता. किती जणांच्या नशिबी असतं हे?”

“सोय कळली पंत, पण अंडी कुणी बघायची?”

“अंडी ही खाजगी बाब झाली.”

“मग एकाची पाळी बदलायला अडचण काय आहे?”

पंतांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांचे काटे जरा उभे राहिले. “अहो, तुमची पाळी बदलली तर पाळ्या बदलता येतात हे सगळ्यांना कळेल! मग मंडळ चालवायचं कसं?”

असं म्हणून त्यांनी तिला मनःस्वास्थ्य समितीकडे पाठवलं. तिचेही अध्यक्ष आबासाहेबच होते, कारण जंगलात इतकं स्वस्थ मन दुसऱ्या कुणाचं नव्हतं. ते जांभळीच्या गर्द सावलीत लोळत पडले होते.

“टिटवीबाई,” ते म्हणाले, “तुमची व्यथा माझ्या अगदी काळजाला भिडली. पण मला सांगा, ऊन कुठे असतं?”

“वाळूत असतं, आबासाहेब.”

“चुकलात! ऊन मनात असतं. मन गार ठेवा. दीर्घ श्वास घ्या. सहनशीलता हेही एक व्रतच आहे.”

“आबासाहेब, व्रत मीही करते. उपास माझा मला सांगता येतो. अंड्यांना कसा सांगू?”

आबासाहेबांनी डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला. तो इतका लांबला की त्याचं घोरणं झालं.

बाळांनो, त्या व्रताबद्दल एक सांगते. व्रत आपण होऊन घ्यायचं असतं. स्वतः जांभळीखाली लोळून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं, की त्याला ओझं म्हणतात. पण अस्वलाला हे सांगणार कोण? त्याचं पोट भरलेलं होतं.

टिटवी परत निघाली तेवढ्यात झाडावरून वानरभाऊ उतरले. हे मंडळातल्या विरोधी गटाचे पुढारी. आबासाहेबांचं त्यांना काहीच पटत नसे. जांभळीची सावली मात्र पटे.

“ताई, ऐकलं मी सगळं! रक्त उसळलं माझं! तुमचा प्रश्न आम्ही लावून धरणार. येत्या सभेत असा गदारोळ करतो की बघाच!”

“सभा कधी आहे, भाऊ?”

“पावसाळ्यानंतर.”

“तोवर अंडी राहतील का?”

वानरभाऊंनी डोकं खाजवलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “राग मानू नका, ताई. पण एखादं अंडं जरा तडकलेलं असतं ना, तर प्रश्न फार चांगला पेटला असता. सगळीच सुखरूप राहिली तर आम्ही बोलायचं कशावर?”

टिटवी आपल्या वाटेने निघाली. तिला वाघाची भीती होती, पण वाघ निदान ताई म्हणत नसे.

दुसऱ्या दुपारी ती खडकावर उभी होती. एक डोळा रानावर, एक अंड्यांवर. वाळूवरून वाफा निघत होत्या. समोर चिखलात एक रानम्हैस बसली होती. तिला सगळे गोदाआत्या म्हणत. मंडळासाठी ती झाडोरा तुडवून पायवाट मोकळी ठेवायची. आत्याने मान वर करून विचारलं, “का गं, आज आवाज असा रडका का येतोय तुझा?”

टिटवीने सगळं सांगितलं. साळिंदर सांगितलं, अस्वल सांगितलं, वानर सांगितलं.

“अगं पण एवढ्या जणांकडे जायचं कशाला?” आत्या म्हणाली आणि चिखलातून उठली. पाणी निथळत ती वाळूपाशी आली. “मी उभी राहते. पण पायाखाली काही येईल, भीती नाही का वाटत तुला?”

“वाटते की, आत्या. पण उन्हाची जास्त वाटते.”

“मग नीट सांग. हा पाय कुठे ठेवू?”

“थोडा डावीकडे. अजून थोडा. हां, बास! आता हलू नका.”

“माशा बसल्या तरी?”

“शेपटी हलवा. पाय नको.”

गोदाआत्या उभी राहिली. तिच्या अंगाची मोठी, काळी, थंड सावली अंड्यांवर पडली आणि पोटावरून गार चिखलपाणी ठिबकत राहिलं. ऊन उतरेपर्यंत आत्या हलली नाही. तिसऱ्या प्रहरी टिटवीने अंड्याला गाल लावला. गार होतं. तिने दोन्ही पंख मिटून आत्याच्या खुराला नमस्कार केला.

“पुरे गं,” आत्या म्हणाली. “मला काय, चिखलात बसायचं ते इथे उभी राहिले.”

मग रोज दुपारी आत्या येऊ लागली. टिटवीचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत झाला. जनावरं निर्धास्त पाणी पिऊ लागली. गोष्ट इथेच संपायला हवी होती ना? पण मंडळ होतं ना!

साळिंदरपंतांनी तातडीने बैठक बोलावली. विषय एकच, परस्पर दिलेली सावली.

“सावली वाईट आहे असं मी म्हणणार नाही,” आबासाहेब जांभळीखालून म्हणाले. “मीही सावलीचा भक्त आहे. पण ती मंडळामार्फत यायला हवी. उद्या जो तो ज्याला त्याला सावली देत सुटला, तर आपल्याकडे येईल कोण?”

“हा प्रश्न माझा होता!” वानरभाऊ फांदीवरून कडाडले. “सभेच्या आधी म्हशीने तो सोडवलाच कसा? हा तर लोकशाहीचा गळा घोटला!”

आणि बाळांनो, मंडळाच्या इतिहासात प्रथमच दोन्ही गटांचं एकमत झालं. ठरलं असं, की गोदाआत्याची रानापलीकडच्या डबक्यावर बदली करायची. आणि टिटवीचा सत्कार करायचा.

सत्काराचा निरोप घेऊन पंत स्वतः आले. आवाजही गोड काढला होता.

“टिटवीबाई, उद्या दुपारी सत्कार. आदर्श माता, आदर्श पहारेकरी! तुम्ही फक्त दोन शब्द बोलायचे. सावलीची व्यवस्था मंडळाने केली होती, एवढंच. तुमच्या यजमानांची पाळी परवापासून सकाळची.”

टिटवीने अंड्यांकडे पाहिलं. हेच तर ती मागत होती. अंड्यांच्या आतून आता टकटक ऐकू येत होती. पिल्लं बाहेर यायला थोडाच अवकाश होता.

“आणि आत्या?”

“ते शिस्तीचं प्रकरण आहे. तुम्ही त्यात पडू नका.”

“पण त्यांनी तर...”

“बाई, अंडी तुमची आहेत. म्हैस कुणाची आहे?”

टिटवीने मान खाली घातली. पंतांना वाटलं, झालं काम.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणवठ्यावर सगळं जंगल जमलं. आबासाहेबांसाठी जांभळीच्या फांद्यांचा मांडव घातला होता. तेवढ्या मांडवात अंडी दहा वेळा मावली असती. आबासाहेबांनी मातृत्वावर भाषण केलं. वानरभाऊंनी आबासाहेबांच्या भाषणाचं कौतुक केलं. वाळू तापत होती. आत्याला सकाळीच रानापलीकडे हाकललं होतं.

“आता टिटवीबाई दोन शब्द बोलतील!”

टिटवी खडकावर चढली. तिने चोहीकडे नजर फिरवली, रोज फिरवायची तशीच. मग मांडवाकडे तोंड केलं आणि धोका दिसल्यावर द्यायची ती हाक दिली. खणखणीत, लागोपाठ, छाती फाटेस्तोवर.

काय पळापळ झाली म्हणून सांगू! हरणं उधळली. मोर मांडवावर पडले. मांडव आबासाहेबांवर पडला. वानरभाऊ शेंड्यावर जाऊन बसले आणि तिथून सगळ्यांना म्हणाले, घाबरू नका. मधमाशांना जुमानत नाही तो अध्यक्ष चिखलात तोंड खुपसून दीर्घ श्वास घेत होता.

“कुठे आहे? कुठे आहे वाघ?” पंत काटे फुलवून गरगर फिरत होते.

“वाघ आहे असं मी कुठे म्हटलं, पंत?” टिटवी म्हणाली. “धोका दिसला की ओरडायचं, एवढंच माझं काम. मी तेच केलं.”

ती खाली उतरली. पाण्यात गेली. पोट चिंब भिजवलं आणि साऱ्या मंडळासमोर येऊन अंड्यांवर बसली. पलीकडून टिटवाही पहारा टाकून आला. पाणी बंद, पंत ओरडले. टिटवीने ऐकलं नाही. तिला दुसरंच काही ऐकू येत होतं.

ऊन कलता कलता पहिलं अंडं फुटलं. मग बाकीची. टिटवीची पिल्लं फार शहाणी असतात, पिसं वाळली की चालू लागतात. टिटवी पुढे, टिटवा मागे आणि मधे ती एवढीएवढीशी पिल्लं, अशी रांग रानापलीकडच्या डबक्याकडे निघाली. डबकं लहान, पाणी गढूळ. पण गोदाआत्या तिथे वाट बघत उभी होती.

“आलीस गं बाई!” ती म्हणाली. “सांग, पाय कुठे ठेवू?”

हळूहळू चार हरणंही त्या डबक्यावर येऊ लागली. मग एक ससा आला. तिथे मंडळ नाही. अजून तरी नाही. देवाच्या कृपेने निघूही नये.

आणि मंडळाचं काय झालं? काही नाही. मंडळाला कधी काही होत नाही. दुपारचा पहारा त्यांनी घुबडाला दिला. घुबड दुपारी झोपतं, त्यामुळे त्याची काही तक्रार नाही. वाघही हल्ली रोज येतो, पण त्याचीही काही तक्रार नाही. पाणी पिणाऱ्यांची गर्दीसुद्धा आपोआप कमी झाली. एवढं सुख या मंडळात पूर्वी कधीच नव्हतं, असं आबासाहेब परवाच म्हणाले.

जसा टिटवीला आधार मिळाला तसा उन्हात उभ्या असलेल्या प्रत्येकाला मिळो. ही कहाणी इथे पुरी झाली.

तात्पर्य: मंडळात मानाने राहायचं असेल, तर पहारा डोळे मिटूनच करावा. उघड्या डोळ्यांनी केला, की वाघाच्या आधी मंडळच दिसतं.