बावन्नावं प्रकरण

पुस्तकाबद्दल मत बनवण्यासाठी ते आधी वाचावं लागतं, ही समजूत छपाईच्या कलेच्या बाल्यावस्थेत रूढ झाली असावी. त्या काळी पुस्तकं थोडी होती आणि लोकांना दुसरा उद्योग नव्हता. आता अमेरिकेत नवी पुस्तकं मंगळवारी निघतात आणि मंगळवार दर आठवड्याला येतो. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर वाचत बसणं किती अव्यवहार्य आहे हे कुणाच्याही ध्यानात येईल.

मिनेसोटातल्या डुलुथ गावच्या 'राखगुलाब वाचक मंडळा'च्या ध्यानात ते केव्हाच आलं होतं. हे मंडळ अद्भुतरम्य किशोर कादंबऱ्यांना वाहिलेलं आहे. किशोर कादंबरी म्हणजे बारा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली कादंबरी. त्यामुळे मंडळातल्या सभासदांचं सरासरी वय त्रेचाळीस आहे. (एकदा एक खरीखुरी चौदा वर्षांची मुलगी सभेला आली होती. तिने सगळी पुस्तकं वाचलेली असल्यामुळे वातावरण अवघडलं. ती पुन्हा आली नाही.)

लॉरीन टोफ्टे ही या मंडळाची जुनी सभासद. ती दातांच्या दवाखान्यात दात साफ करते. रोग्याचं तोंड उघडं आणि आपले दोन्ही हात त्यात, अशा अवस्थेत ती त्याला नव्या कादंबऱ्यांची कथानकं सांगते, आणि आजवर एकाही रोग्याने हरकत घेतलेली नाही. तिच्या घरी एक हजार एकशे चाळीस पुस्तकं आहेत. ती रंगानुसार लावलेली आहेत, कारण लेखकानुसार लावली तर फोटो बरा येत नाही. नवरा ड्वेन याने फळ्या ठोकून दिल्या आणि जागा पुरेना तेव्हा स्वतःची होडी भावाच्या अंगणात नेऊन ठेवली. त्याने तक्रार केली नाही, कारण मिनेसोटात ती पद्धत नाही.

मंडळाची शिस्त वाखाणण्यासारखी आहे. आवडत्या पुस्तकाच्या तीन प्रती घ्यायच्या: एक जपायला, एक फोटोला, एक वाचायला. (वाचायची प्रत सहसा कोरीच राहते, कारण ती कुठे ठेवली ते सापडत नाही.) पुस्तक इतकंच उघडायचं, की पाठीला सुरकुती पडता कामा नये. तारे पाच द्यायचे. चार दिले तर लेखिकेशी वैर आहे असं धरलं जातं. प्रकाशनाआधी मिळणाऱ्या पुस्तकाला 'आगाऊ प्रत' म्हणतात. ती ज्यांच्या घरी येते त्यांना गावात, म्हणजे मंडळात, मान असतो. आणि सर्वांत पवित्र नियम म्हणजे शेवट फोडायचा नाही. शेवटाविषयी बोलायचं नाही, विचारायचं नाही, सूचक खोकायचंही नाही. फक्त त्याने आपली काय दशा झाली तेवढं सांगायचं.

आता लॉरीनचा एक दोष सांगणं भाग आहे. एका कादंबरीमालेच्या बाबतीत ती खरोखर वाचायची. तिचं नाव 'कोळसा आणि मेणाचं राज्य'. सेरिन नावाची एक कोळसेवाली पोरगी, तिच्या धाकट्या बहिणीला बर्फाचा राजा तळ्याखालच्या नगरात घेऊन जातो, आणि सेरिन तिला आणायला निघते. चार भाग झाले तरी ती निघालेलीच होती. अकरा वर्षांपूर्वी लॉरीनची मोठी बहीण गेल इस्पितळात होती, तेव्हा पहिला भाग लॉरीनने तिला मोठ्याने वाचून दाखवला होता.

"ते राजे, घोडे, झाडं सगळं राहू दे," गेल म्हणाली होती. "ती आणते का गं बहिणीला घरी? एवढंच सांग."

"अजून चार भाग यायचेत."

"चार? या बाईला कुणी घाई करा म्हणून सांगत नाही का? बरं, तू वाच. वाचलंस की मला येऊन सांग."

दुसरा भाग निघायच्या आधीच, मार्चमध्ये, गेल गेली. तेव्हापासून लॉरीनला त्या एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. तिच्या बाकीच्या एक हजार एकशे पस्तीस पुस्तकांकडून तिची काहीच अपेक्षा नव्हती, हे त्यांच्याकडे पाहूनही कळायचं.

पाचव्या आणि अखेरच्या भागाच्या आगाऊ प्रती देशात तीनशे बारा निघाल्या. त्यातली एक लॉरीनकडे आली. तिने दवाखान्यातून तीन दिवसांची रजा घेतली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर उजेडाला बसली आणि पहिल्या पानापासून ओळीने वाचत सुटली. तिसऱ्या दिवशी दुपारी सेरिनने तळ्याखालचं शेवटचं दार ढकललं. लॉरीनने चहा बाजूला सारला, डोळे पुसले आणि पान उलटलं.

पान चारशे एक्याण्णव. वर लिहिलं होतं 'प्रकरण बावन्न'. खाली दोन अक्षरं होती: टी. के. त्याखाली काही नव्हतं. पुढची तीस पानं कोरी होती आणि त्यानंतर लेखिकेने आपल्या कुत्र्याचे आभार मानले होते.

ड्वेन गावातल्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात कामाला होता. त्याने चष्मा वर करून पाहिलं. "टी. के.? हे तर आमच्याकडे रोजचंच. मजकूर यायचाय, जागा सोडा, अशी खूण आहे ती. कुणीतरी भरायला विसरलं."

लॉरीनला हायसं वाटलं. एवढी ढळढळीत चूक तीनशे अकरा जणांनी एव्हाना कळवलीच असेल, या विचाराने तिने इतरांचे अभिप्राय उघडले. अभिप्राय तीनशे अकरा होते. दोनशे सत्त्याण्णव जणांनी पाच तारे दिले होते. चौदा जणांनी चार, कारण खोक्यात पुस्तकाचा कोपरा दुमडला होता. 'उद्ध्वस्त' हा शब्द दोनशे सहा वेळा आला होता. 'या शेवटाची कल्पनाच केली नव्हती' असं एकशे अठ्ठेचाळीस जणांनी लिहिलं होतं, आणि त्यांच्यावर अविश्वास दाखवायला जागा नव्हती. ज्या काही मोजक्या लोकांनी शेवटचं पान उघडून पाहिलं होतं, त्यांनी नियमाला धरून अक्षरं न फोडता त्यांची स्तुती केली होती. एवढी संयत अखेर किशोर साहित्यात झाली नाही, असं एका प्राध्यापकाचं मत पडलं.

गुरुवारी लुथरन चर्चच्या तळघरात मंडळाची सभा भरली. मंडळाची अध्यक्ष डार्सी लुंडीन, शाळेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक सांभाळणारी, ओव्हनमधून हॉटडिशचं, म्हणजे तिकडच्या बटाटे-मांसाच्या भाजलेल्या पदार्थाचं, भांडं काढत होती.

"डार्सी, शेवटाबद्दल..." लॉरीनने सुरुवात केली.

"अगं नको!" डार्सीने ओव्हनचे मोजे घातलेले हात तसेच कानांवर ठेवले. "मी अजून सावरले नाहीये."

"फोडत नाही गं. एवढंच सांग, तुझ्या प्रतीत शेवट आहे का?"

"आहे का म्हणजे? माझ्या काळजात रुतलाय तो."

"काळजातलं राहू दे. पुस्तकात आहे का?"

पेनी नावाच्या सभासद बाईंनी मायेने लॉरीनच्या पाठीवर हात ठेवला. "दुसऱ्यांदा वाच, राणी. पहिल्या खेपेला मलाही झेपला नव्हता."

"दोन अक्षरं आहेत, पेनी."

"तेच तर! दोन अक्षरांत बाईने केवढं सांगितलंय!"

डार्सीने मोजे काढले आणि बाही वर सारली. मनगटावर, अजून लाल असलेल्या कातडीवर, सुबक वळणाची दोन अक्षरं गोंदलेली होती. "मंगळवारी केलं," ती म्हणाली. "दुखलं. पण सेरिनने जे सोसलं त्यापुढे काय!"

"डार्सी, अगं, त्याचा अर्थ 'मजकूर यायचाय' असा होतो. छापखान्यातली खूण आहे ती. ड्वेनला विचार हवं तर."

डार्सीने सावकाश बाही खाली केली आणि बटण लावलं. "हे आपलं वेगळंच आहे हं, लॉरीन," ती म्हणाली.

(मिनेसोटात 'वेगळंच आहे' ही शिवी आहे. याहून जड शिवी तिथे अजून कुणाला सुचलेली नाही.)

त्यानंतर मतदान झालं. शेवट फोडण्याचा प्रयत्न केल्याबद्दल लॉरीनला तीन सभांसाठी बाहेर ठेवण्यात आलं. शेवट नसेल तर तो फोडला कसा, हा मुद्दा तिने मांडला. पण त्यावर चर्चा केली असती तर शेवट फुटला असता, म्हणून तो पटलावर घेता आला नाही. निघताना पेनीने तिला हॉटडिश डब्यात भरून दिलं. तिथे माणसाला वाळीत टाकतात तेही पोटभर जेवायला घालून.

लॉरीनने प्रकाशन संस्थेला पत्र लिहिलं. 'शेवट तुमच्या हृदयाला भिडला हे वाचून आनंद वाटला' असं उत्तर आलं. तिने पुन्हा लिहिलं. मग मात्र तिथे कुणीतरी पान उघडून पाहिलं असावं, कारण महिन्याभराने जाहीर झालं, की वाचकांच्या प्रचंड आग्रहास्तव पक्क्या आवृत्तीत शेवटची दोन अक्षरं सोनेरी छापण्यात येतील. कोरी पानंही ठेवण्यात येतील, वाचकाला रडायला जागा म्हणून.

आता सेरिन त्या दारातच उभी राहणार होती. लॉरीन दवाखान्यात गप्प गप्प राहू लागली. रोगीसुद्धा काळजी करायला लागले. एकाने तर तोंडातलं यंत्र बाजूला करून 'मग पुढे काय झालं?' असं विचारलं. तिला त्याच्यासमोर रडू आलं.

आणि मग एका शनिवारी खुद्द लेखिकेचं, ओडेसा प्रिंगलचं, पत्र संगणकावर आलं.

'प्रिय लॉरीन,' तिने लिहिलं होतं, 'तुमची दोन्ही पत्रं उशिरा का होईना माझ्यापर्यंत आली. बावन्नावं प्रकरण मी लिहिलं आहे. आगाऊ प्रती निघाल्यावर आठ दिवसांनी दिलं. पण संस्थेचं म्हणणं पडलं, की शेवटाबद्दल वाचक शहाण्णव टक्के समाधानी आहेत आणि शेवट घातला तर टक्केवारी उतरेल. अकरा वर्षं मी या एकतीस पानांसाठी बाकीची दोन हजार पानं लिहिली. तीनशे बारा जणांत तुम्ही एकट्यांनी विचारलंत. प्रकरण सोबत जोडते आहे. कुणाला दाखवू नका. वाचून झालं की मला एवढंच कळवा, नीट जमलंय का.'

लॉरीनने ते पत्र चार वेळा वाचलं. मग ड्वेनला वाचून दाखवलं. "मग उघड की," ड्वेन म्हणाला.

"आत्ता? असं कसं?" ती म्हणाली. "भांडी पडलीत. हे असं घाईत वाचायचं नाही."

ते पटण्यासारखं होतं. अकरा वर्षं थांबल्यावर वाटेल त्या दुपारी कुणी शेवट वाचत नाही. पुढच्या शनिवारी तिने सगळी तयारी केली, चहा केला, प्रकरण उघडायच्या कळीवर बोट ठेवलं आणि न दाबताच उचललं. खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती. सेरिनने बहिणीला आणलं तर ते कुणाला सांगायचं, हा एक प्रश्न होता. आणि आणलं नाही तर, हा दुसरा. तेवढ्यात दाराशी खोकं आलं. मंडळातली बंदी संपल्याची खूण म्हणून डार्सीने तिचं नाव सहा नव्या आगाऊ प्रतींच्या यादीत घातलं होतं. पहिल्याच पुस्तकाच्या कडा जांभळ्या होत्या आणि त्यावर ड्रॅगन होते. फोटो काढावे लागले. त्या मंगळवारी नऊ पुस्तकं निघाली, त्याच्या पुढच्या मंगळवारी अकरा. लॉरीन पुन्हा बोलकी झाली. रोगी पुन्हा गप्प झाले.

सात आठवड्यांनी ओडेसा प्रिंगलचं दुसरं पत्र आलं. एकच ओळ होती: 'घाई नाही, पण वाचलंत का?'

लॉरीनने फोटोसाठी मांडलेलं पुस्तक बाजूला सारलं. मग तिने लिहिलं, 'वाचलं. माझ्याकडे शब्दच नाहीत.' (यातलं दुसरं वाक्य तंतोतंत खरं होतं.) उत्तर दोन मिनिटांत आलं. लेखिकेने लिहिलं होतं, की ती रडते आहे, एकाच वाचकासाठी लिहिलं तरी पुरतं हे तिला आज कळलं, आणि उद्यापासून ती नवी पाच भागांची माला सुरू करते आहे.

म्हणजे कुणाचंच नुकसान झालं नाही. लॉरीनला नावं ठेवण्याचं तर काहीच कारण नाही, निदान आपल्याला तरी. ही गोष्ट तुम्हाला कुणीतरी आपुलकीने फोनवर पाठवली असेल, आणि पाठवणारा वाट पाहत असेल. त्याला फार ताटकळत ठेवू नका. 'अप्रतिम' एवढं लिहून खाली हात जोडले तरी पुरे. त्याने स्वतःही तेवढंच लिहून ती पुढे धाडली आहे.